बाबाजींचे बूट

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि दादानं ते तिच्यादेखत पुसून टाकलं, कारण कुंकू आत जाऊन बिघाड होईल म्हणे. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, "मशीन त्याची, कुंकू तिचं, मले मधात घेऊ नका," असा निवाडा दिला. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. वर्ध्याकडचं गाव सोडून इकडे आले, क्वार्टर मिळालं, आम्ही दोघं इथंच जन्मलो. पण आईबाबांच्या तोंडची बोली काही पुणेरी झाली नाही. आम्ही भावंडं घराबाहेर पाऊल टाकलं की शुद्ध बोलायचो आणि घरातही बहुतेक तसंच, त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत दोन मराठी नांदायच्या. कोथिंबिरीला आई सांबार म्हणायची आणि शेजारच्या काकू दर वेळी हसायच्या. आई म्हणायची, "हसा. खातानी कोनी हसत नाही."

आठवडाभर घर कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. भोंग्याआधी डबा, भोंग्यानंतर धुणं, दुपारच्या भोंग्याला बाबांचं जेवण झालं असेल असं आई स्वतःशीच म्हणणार. रविवारी भोंगा नसायचा, म्हणून रविवार लांबलचक वाटायचा. त्या दिवशी सकाळी पोहे आणि त्यावर आईची लालभडक तर्री, दुपारी कधी गोळाभात, आणि या दोहोंच्या मध्ये आमचा खेळ. त्या खेळाबद्दलच मला लिहायचं आहे. हसू येईल कुणाला. पन्नाशीची बाई, केस पिकलेले, आणि लिहिते आहे कशावर, तर कॉम्प्युटरच्या खेळावर. पण माझ्या तरुणपणाचं काय मोडलं असं मला कुणी विचारलं तर मी दुसरं काहीही आधी सांगणार नाही.

दादा तेव्हा शहरात कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. पुण्यात गल्लोगल्ली तसल्या क्लासच्या पाट्या लागलेल्या. कालपर्यंत नोकरीच्या नावानं बोंब होती त्या घरांतली मुलं एकदम परदेशाच्या गोष्टी करायला लागली होती. क्लासमधल्या कुणाकडून तरी दादा ती सीडी घेऊन आला. कॉपी केलेली सीडी, त्यावर मार्करनं नुसतं 'लांबचा' असं लिहिलेलं. म्हणजे लांब चालणारा खेळ. मारामारीचे खेळ तासाभरात संपायचे. हा महिनोन् महिने चालणार होता. चार जणांची टोळी करून दूर उत्तरेला जायचं होतं. बरोबर एका मडक्यात जळता निखारा होता. देशातल्या सगळ्या चुली विझल्या आहेत आणि हा एवढा निखारा डोंगरापलीकडच्या मोठ्या भट्टीपर्यंत पोचवला तर पुन्हा पेटतील, अशी काहीतरी कथा. आईला ती लगेच पटली. चूल विझणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

आमची कामं वाटलेली होती. माउस दादाच्या हातात. इंग्रजी माझ्याकडे, कारण त्या खेळात माणसं फार बोलायची आणि दादाला वाचायचा कंटाळा. पडद्यावर ओळी यायच्या, मी त्या वाचायच्या आणि मोठ्यानं मराठीत सांगायच्या. नुसत्या त्याला नाही, सगळ्या घराला. आई खाली बसून तांदूळ निवडायची. बाबा पाठ करून वर्तमानपत्र वाचायचे आणि मध्येच विचारायचे, "ओलांडली का मंग नदी?" आणि आम्ही वळून पाहिलं की पुन्हा कागदाआड. एक नियम दादानंच घातला होता : दोघं असल्याशिवाय कुणी खेळायचं नाही. आणि दुसरा : खेळ नेहमी एकाच जागी साठवायचा, आधीच्यावर नवा. वेगवेगळ्या जागी साठवला तर डिस्क भरते, असं तो म्हणाला. मला डिस्कमधलं काय कळत होतं? मी 'बरं' म्हटलं. त्यामुळे आम्ही दर रविवारी आमच्या मागची वाट पुसतच पुढे चाललो होतो.

टोळीतला पहिला दादा स्वतः, तलवारवाला. दुसरी तिरंदाज मुलगी, तिला त्यानं माझं नाव दिलं, ज्योती. तिसरा कुऱ्हाडवाला आडदांड, त्याला आम्ही ढम्या म्हणायचो. आणि चौथा म्हातारा वाटाड्या. त्याचं खेळातलं नाव उच्चारायला अवघड होतं. आईनं त्याला बाबाजी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. पांढरी दाढी, हातात काठी. वाट फक्त त्याला माहीत. रात्रीच्या मुक्कामाला शेकोटीपाशी बसून तो आपल्या मेलेल्या मुलीच्या गोष्टी सांगायचा. त्या वाचताना माझा आवाज कापायचा, आणि आई पदराचं टोक डोळ्यांना लावून, "धूळ हाय तांदुळात," म्हणायची.

लांबच्या खेळाचं असं असतं की सुरुवातीला सगळ्याचं अप्रूप असतं, आणि अर्ध्यावर येईपर्यंत तुम्ही तिथले रहिवासी होता. नकाशा सुरुवातीला काळाकुट्ट असायचा आणि आपण चालू तेवढाच उजळायचा. अर्ध्यावर आलो तेव्हा खालची सगळी बाजू उजळलेली होती आणि मला त्यातली गावं पुण्याच्या पेठांपेक्षा नीट माहीत झाली होती. एका गावातला दुकानदार कितीदाही गेलं तरी 'आज थंडी लवकर आली' एवढंच बोलायचा. त्याचा मला आधी राग यायचा, मग माया वाटायला लागली. धर्मशाळेत एक बारीक बासरीसारखी धून वाजायची. आठवडाभर मी ती कॉलेजात गुणगुणायची आणि मैत्रिणी विचारायच्या, कुठल्या सिनेमातली गं? खेळाला खोटही होती. चालणंच चालणं. तीच ती लांडग्यांची टोळी दर वळणावर. दादा कंटाळून जांभया द्यायचा. मी मात्र त्याला वाट सोडून प्रत्येक झोपडीत डोकावायला लावायची. आणि गुहेत काही निघालं, दरवाजामागून कुणी अंगावर आलं, की तो खुर्चीतून उडायचा, "अरे बापरे!" म्हणायचा आणि माझा दंड धरायचा. मला त्या दंड धरण्यात सगळं मिळत होतं. दादा माझ्याहून मोठा, हुशार, मित्रांत रमणारा, आणि तरीही तो आणि मी एकाच अंधारात एकदमच घाबरतो आहोत.

आता त्या वस्तूंचं सांगते. वाटेत चांगल्या चांगल्या वस्तू मिळायच्या आणि त्या टोळीत वाटायच्या असायच्या. कुणीही नवशिका खेळाडू सांगेल की चिलखत पुढे राहून लढणाऱ्याला द्यायचं. आमच्या घरात तसं होणं शक्य नव्हतं. आमच्याकडे पाहुणा म्हातारा असला की पहिलं पान त्याचं, पाट त्याचा, पंख्याखालची जागा त्याची. बर्फाच्या खिंडीआधी लोकरीचे बूट मिळाले. मी ढम्याला द्यायला सांगणार, तर आई म्हणाली, "त्या बाबाजीले दे ना ते बूट. म्हाताऱ्या मानसाचे पाय, गारठले असतीन." मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "द्या की. काय फरक पडतो?" मग अंगरखा मिळाला, तो बाबाजींना. जादूची अंगठी मिळाली, ती बाबाजींना. एका राक्षसाला मारून साखळ्यांचं चिलखत मिळालं, जे मिळवायला आम्हाला दोन रविवार लागले होते, तेही बाबाजींच्या अंगावर चढलं. बाबासुद्धा कागदाआडून म्हणाले, "बरोबर हाय. वाट त्याले माहीत हाय, त्याले जपा." दादा मान खाली घालून हसत होता. मला वाटलं आईच्या भाबडेपणाला हसतोय.

आणि मग तो रविवार. त्या दिवशी दादाचे क्लासमधले दोन मित्र घरी आले, मंदार आणि अभय, दोघेही पेठेतले. आईनं पोहे केले. मंदारनं तर्रीचा पहिला घास घेतला आणि कान लाल करून म्हणाला, "काकू, झकास झालंय. अग्निशामक दल बोलावता का?" आई खूश. मला मात्र ते आलेले फारसं आवडलं नव्हतं, कारण ती आमची वेळ होती. पण दादानं मित्रांना आपला खेळ दाखवायला आणलं याचा थोडा अभिमानही वाटला. ते दोघे मागे पलंगावर बसले. दादानं मशीन सुरू केलं. आम्ही मिठाच्या शहराच्या पुलापाशी होतो. पूल ओलांडला की उत्तर, नकाशाचा सगळा काळा अर्धा. "आधी सेव्ह कर," मी म्हटलं. त्यानं केलं. बाबाजी पुढे झाले, पुलाच्या तोंडाशी थांबले, वळले, आणि बोलायला लागले. मी वाचून सांगायला लागले : "तो म्हणतोय, पोरांनो, तुम्ही मला फार जपलंत…"

तेवढ्यात मागून मंदार हळूच म्हणाला, "आता. आता बघ हां."

पडद्यावर अजून काहीच झालेलं नव्हतं. मी वळून पाहिलं. मंदार आणि अभय पडद्याकडे पाहतच नव्हते. दोघे माझ्याकडे पाहत होते. आणि दादाही, माउसवर हात ठेवून, मान वळवून, माझ्याच तोंडाकडे. तिघांच्याही ओठांवर तेच दाबलेलं हसू. मी परत पडद्याकडे वळले, कारण ओळी पुढे सरकत होत्या आणि वाचायचं माझं काम होतं. बाबाजी म्हणत होते की त्यांची मुलगी वगैरे कधी नव्हतीच. निखारा उत्तरेला नाही, दुसऱ्याच कुणाकडे न्यायचा त्यांनी शब्द दिला होता. आणि आम्ही दिलेल्या वस्तूंबद्दल त्यांनी आभार मानले. खरंच मानले. मी ते मराठीत सांगितलं, सवयीनं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग मडकं त्यांच्या हातात गेलं, ते आमच्यावर उलटले आणि एका फटक्यात ज्योती खाली पडली. आमचं चिलखत त्यांच्या अंगात, आमची अंगठी बोटात, आईचे बूट पायात. मागे अभय टाळ्या पिटत होता. "हिचा चेहरा! अरे, हिचा चेहरा बघ!"

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत होतं?"

"माहीत म्हणजे?" मंदार डोळे पुसत म्हणाला. "तिघांनी मिळून दिवाळीतच संपवला ना क्लासवर. हा म्हणाला, आमच्या घरी एक मंडळ आहे, ते म्हाताऱ्याला रोज नवे कपडे घालतंय. म्हटलं, हे बघायलाच पाहिजे."

दिवाळी होऊन किती महिने लोटले होते, ते मी मनात मोजत बसले नाही. एवढंच कळलं की आम्ही सुरुवात केली ती दिवाळीनंतर. म्हणजे पहिल्या गुहेपासून त्याला सगळं ठाऊक होतं. प्रत्येक दार उघडण्याआधी मागे काय आहे ते ठाऊक होतं. तो खुर्चीतून उडायचा, माझा दंड धरायचा, ते नाटक होतं. मी एकटीच घाबरत होते आणि तो मला घाबरताना बघत होता. माझ्या छातीत जे झालं त्याला राग म्हणणं कमी पडेल. मला लाज वाटली. उघडं पडल्यासारखं वाटलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. दादाला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"अगं आई, गंमत होती."

"मी त्याले बूट द्यायले लावले, तवाई मालूम होतं?"

दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आई, खेळ आहे तो. खरा माणूस आहे का?"

आईनं पदराला हात पुसले. "खेळ तो होता, बापू," ती म्हणाली. "आमी तं खरंच बसलो होतो."

पलंगावरच्या दोघांचं हसू एकदम आटलं. त्यांना कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं आणि ते गेले. पेठेतल्या माणसाला निघायची वेळ बरोबर कळते. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले. दादा चरफडत पुन्हा माउसला भिडला. "थांब, हरवतो त्याला, मग तुम्ही खूश व्हाल." त्यानं दुपारभर प्रयत्न केला आणि दर वेळी हरला. क्लासवर त्या तिघांनी म्हाताऱ्याला फाटक्या सदऱ्यावर ठेवलं होतं, म्हणून तो चार फटक्यांत पडला होता. आमचा बाबाजी पडत नव्हता. त्याला आम्ही फार मनापासून सजवलं होतं. आणि मागे जायला वाट नव्हती, कारण साठवलेली जागा एकच, तीही पुलाच्या तोंडाशी. डिस्क भरते ही दादाची खरीच समजूत होती की तीही या गमतीची तयारी होती, हे मला आजही माहीत नाही. विश्वासघाताचं हेच वाईट असतं. तो पुढचं तर नेतोच, पण मागचंही एकेक करून तपासायला लावतो. त्यानं मला सायकल शिकवली तेव्हा मागून खरंच धरलं होतं का, इथपर्यंत मी जाऊन आले.

संध्याकाळी तो माझ्यापाशी आला. "ज्यो, पहिल्यापासून सुरू करू. या वेळी तू म्हणशील तसं."

"कुणाबरोबर?" मी विचारलं.

सीडी मी त्याच्या दप्तरात घातली. तो खेळ मी पुढे कधीच खेळले नाही. आता खराडीला माझं ऑफिस आहे, दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम मी करते. ऑफिसातली पोरं कधी विचारतात, "मॅम, तुम्ही पण गेमर होता?" मी म्हणते, अर्धी. त्यांना ते विनोदी वाटतं. मिठाच्या शहरापलीकडे काय आहे ते शोधून वाचायला आता दोन मिनिटं पुरतील. मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही.

वर्षभरात दादाला परदेशी काम मिळालं. कॉलनीतून असे कितीतरी गेले होते. प्रत्येकानं जाताना सांगितलं होतं, दोन वर्षं फक्त, आणि त्यातला कुणी परत आला नव्हता. आले ते फोटो आणि चॉकलेटं. दादाही जेवताना म्हणाला, "दोन वर्षं, आई. कागदावरच दोन वर्षं आहेत. मग इथंच नोकरी बघणार." त्यानं आईच्या हातावर हात ठेवला. आईनं मान हलवली, त्याला आणखी भात वाढला, आणि मी ताटं घेऊन आत गेले तशी माझ्या मागोमाग आली. दार लोटून हळू आवाजात म्हणाली, "काय वं, खरं बोलून राह्यला का तो?"

दुसऱ्या कुठल्या आईनं असं विचारलं नसतं. आमच्याही आईनं, त्या रविवारच्या आधी, विचारलं नसतं. मुलाचं तोंड बघून तिला कळलं असतं. पण त्याच्या तोंडावरून आपल्याला काही कळत नाही, हे तिला आता कळलं होतं. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, आई." तिनं मान हलवली आणि नळ सोडला.

तो गेला. रविवारी फोन यायचा. दर वेळी तो म्हणायचा, येतोच आहे, एवढे महिने राहिले. आई "हाव, हाव" म्हणायची, दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तशी. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली तेव्हा खाट कमी पडली, आणि आईनं दादाचा पलंग उचलून त्यांच्याकडे दिला, गादीसकट. कायमचा. त्याच्या कपड्यांचं बोचकं बांधून गावी चुलतभावांना पाठवलं. बाबा म्हणाले, "अवं, पोरगा येईन म्हणते ना." आई म्हणाली, "म्हणते."

दोन वर्षं पुरी झाली त्या आठवड्यात, भर दुपारी, दादा दारात उभा राहिला. न कळवता आला होता. आम्हाला चकित करायचं होतं त्याला. दोन मोठ्या बॅगा, चेहरा उजळलेला. आई कणीक मळत होती, तिचे हात पिठात तसेच राहिले. तो तिच्या पाया पडला, मला टपली मारली, आणि "आधी जरा आडवा होतो, पाठ गेली विमानात," म्हणत आतल्या खोलीत गेला. मग बाहेर आला.

"आई, माझा पलंग कुठाय?"

आईनं पिठाचे हात एकमेकांवर चोळले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"देऊन टाकला, बापू," ती म्हणाली. "तू खरंच येशीन असं वाटलं नाही."

दादा माझ्याकडे वळला. मी काहीतरी बोलेन, आईची समजूत काढेन, असं त्याला वाटलं असावं. मी उठले आणि त्याच्यासाठी चटई आणायला आत गेले.